नळीवरचे नाव

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले वस्तीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरणी वंदन करून मी बोलायला सुरुवात करते. समितीचे भाऊ घरी आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही दवाखान्यात आहात, तर आरोग्यावर दोन शब्द बोला. आरोग्यावर बोलणारे डॉक्टर आता आपल्या नागपुरात, आपल्याच समाजात पुष्कळ झाले आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतील. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी रक्त काढण्याचे काम करते. या कामाला फ्लेबोटोमिस्ट असे भारी नाव आहे, पण ते नाव घेऊन मला आजवर एकाही पेशंटने हाक मारली नाही. कोणी सिस्टर म्हणतात, कोणी सुईवाली बाई म्हणतात, आणि लहान पोरे तर मला पाहिल्याबरोबर रडायलाच लागतात. तेव्हा मी माझ्या कामावरच बोलणार आहे. रोज सकाळी शेदीडशे हात माझ्यासमोर येतात. त्या हातांनी मला जे शिकवले ते आपल्या वस्तीच्या कामाचे आहे असे वाटते, म्हणून उभी राहिले.

पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बाई, एवढं रक्त कायले काढून राहिली?" समोर तीन नळ्या दिसतात आणि माणसाला वाटते, आता आपण पांढरे पडणार. हिशोब सांगते. एका नळीत दोन ते पाच मिलिलिटर रक्त जाते. तीन नळ्यांचे मिळून दहा मिली धरा, म्हणजे चहाचे दोन चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. पाच लिटरच्या डब्यातून दोन चमचे पाणी काढले, तर डब्याला काय कळणार? तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी, त्याच्या अंगात रक्तच थोडे असते, म्हणून त्याच्यासाठी लहान नळ्या असतात आणि पुष्कळदा टाचेतून थेंबच घेतात. पण मोठ्या माणसाने या रक्ताच्या भरपाईसाठी डाळिंबाचा रस प्यायची गरज नाही. प्यायचा असेल तर प्या, डाळिंब चांगलेच असते.

आता गंमत बघा. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आपला तरुण हसत हसत साडेतीनशे मिली रक्त देतो, फोटो काढतो, बिस्कीट खातो. तोच तरुण तपासणीच्या पाच मिलीला घाम फुटून खुर्चीवर आडवा होतो. मी याचा पुष्कळ विचार केला. शिबिरात तो देणारा असतो, माझ्यासमोर त्याला काहीतरी कळणार असते. भीती सुईची थोडी आणि कागदाची जास्त असते. ही भीती मनात असली की माणूस लपवायला लागतो, आणि मला आज बोलायचे आहे ते या लपवण्यावर.

त्याआधी काम कसे चालते ते थोडे सांगते. शीर डोळ्याने शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. कोपराच्या घडीत मधोमध एक शीर असते, ती पुष्कळदा दिसत नाही पण बोटाखाली रबरासारखी लवते. वरवर निळी निळी दिसणारी शीर सुई लागली की सरकून जाते. दंडाला रबरी पट्टा बांधतात तो एका मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो. जास्त वेळ ठेवला तर त्या जागचे रक्त घट्ट होते आणि आकडे बदलतात. सिनेमात बघून लोक मूठ जोरजोरात उघडतात, मिटतात. ते करू नका, त्याने पोटॅशियमचा आकडा वाढून येतो. नुसती मूठ मिटून शांत बसायचे. आणि रक्त काढून झाल्यावर कोपर दुमडून ठेवायचे नाही, हात सरळ ठेवून कापूस दोन-तीन मिनिटे दाबून धरायचा. चोळायचा नाही. काळेनिळे पडते ते पुष्कळदा चोळल्याने पडते, आणि नाव मात्र सुईवाल्या बाईचे होते!

आणखी एक. उपाशीपोटी या असे सांगितले की आपल्या आयाबाया पाण्याचा थेंबही घेत नाहीत. नागपूरचा मे महिना, सकाळी आठला उन्हाचा तडाखा, आणि म्हातारी आदल्या रात्रीपासून कोरडी. शीर कुठून सापडणार? साधे पाणी चालते. पाणी पिऊन या, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही आणि मलाही नाही.

नळ्यांची झाकणे रंगीबेरंगी असतात, ती शोभेसाठी नसतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध असते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट यांच्यासाठी ती नळी. निळ्या झाकणाची नळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघण्यासाठी. तिच्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग औषध हे माप जमलेच पाहिजे, रेघेपर्यंत भरली नाही तर फेकून द्यावी लागते. लाल किंवा पिवळ्या झाकणात रक्त गोठू देतात आणि वरचे पाणी किडनी, लिव्हरच्या तपासणीला वापरतात. राखाडी झाकण साखरेसाठी. नळ्या भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. जांभळ्या नळीतले औषध पोटॅशियमचा क्षार असते. त्यातले रक्त लाल नळीत ओतले, तर पेशंटचे पोटॅशियम खोटे वाढून येते आणि कॅल्शियम खोटे कमी होते. चांगल्या माणसाच्या हृदयावर उपचार सुरू व्हायचे!

साखरेच्या राखाडी नळीचे मुद्दाम सांगते, कारण आता वस्तीत घरी येऊन रक्त नेणारी पोरे झाली आहेत. सोय चांगली आहे, मी नावे ठेवत नाही. पण रक्त अंगाबाहेर आले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होत जाते. सकाळी सातला घेतलेले रक्त पिशवीत घालून दुपारी बारापर्यंत गल्लोगल्ली फिरले, तर मधुमेहाच्या माणसाला रिपोर्ट येतो, सर्व ठीक. राखाडी नळीतल्या औषधाने ही साखर खाणे पुष्कळसे थांबते, तरी नळी लवकर पोचलेली बरी. तेव्हा त्या पोराला विचारायचे, बाबू, राखाडी झाकणाची नळी आणली का? आणि हे किती वाजता पोचवशील? बाबासाहेबांनाही मधुमेहाचा त्रास होता, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. आपल्या वस्तीत आज हा आजार घरटी झाल्यासारखा वाटतो. त्याचा आकडा तरी खरा यावा.

आता मुद्द्याचे बोलते. रक्त काढून झाले की पेशंट समोर असतानाच नळीवर त्याचे नाव लावायचे, असा आमच्या कामाचा नियम आहे. टेबलावर जाऊन लावू, मागून लावू, हे चालत नाही. नाव लावायच्या आधी विचारायचे, "तुमचं पूर्ण नाव काय?" "तुम्ही अमुक अमुक ना?" असे विचारायचे नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ऐकू न येणारा म्हातारा तर हसून मान हलवतो.

आणि आपल्याकडे नावाची एक वेगळीच अडचण आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आईबापांनी मोठ्या अभिमानाने पोरांची नावे ठेवली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद. मुलींची सुजाता, गौतमी, यशोधरा, रमा. याचा मला अभिमान आहेच. पण एका वस्तीत एकाच आडनावाची वीस घरे, त्यात तेच नाव, आणि बापाचे नावही दोघांचे सारखे! एकदा एका वार्डात नाव-आडनाव एकच असलेले दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर होते. एकाला डेंग्यूचा ताप, दुसऱ्याचे दुसऱ्या दिवशी हर्नियाचे ऑपरेशन. दोघांनीही त्याच नावाला हो म्हटले. जन्मतारीख आणि दवाखान्याचा नंबर विचारला म्हणून वेगळे निघाले. डेंग्यूवाल्याच्या प्लेटलेट उतरलेल्या होत्या. तो कागद हर्नियावाल्याच्या फाइलला लागला असता, तर त्याचे ऑपरेशन थांबले असते, आणि ज्याला धोका होता त्याला सगळे ठीक आहे म्हणून घरी पाठवले असते. तेव्हा मी जन्मतारीख विचारली की काही लोक चिडतात, "तुमाले कायले पाह्यजे?" त्यांनी हे लक्षात घ्यावे. म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते, त्यांनी दवाखान्याचा कागद सोबत ठेवावा.

दुसरी गोष्ट नाजूक आहे, पण विहारात बोलायची नाही तर कुठे बोलायची? आपले काही शिकलेले लोक पूर्ण नाव सांगायला कचरतात. आडनावावरून जात कळते, मग समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून कोणी नुसते पहिले नाव सांगतो, कोणी नावापुढे कुमार लावतो, कोणी एका दवाखान्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे आडनाव लिहितो. त्यांचे दुःख मला कळते. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर माझे आडनाव आहे. काही पेशंट आधी तो बिल्ला वाचतात, मग थोडे थांबून हात पुढे करतात. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या नाती आज सगळ्या जातींच्या माणसांचे हात हातात घेऊन शीर चाचपतात, हे त्यांना अजून जड जात असेल. मी बिल्ला उलटा करत नाही. ज्याला माझ्या बोटांची अडचण आहे त्याने आपली अडचण आपल्याजवळ ठेवावी. पण आपल्या माणसाने आडनाव लपवले, तर त्याचे जुने रिपोर्ट नव्या रिपोर्टला जोडले जात नाहीत. मागच्या वर्षी क्रिएटिनिन किती होते, किडनी किती दिवसांपासून बिघडते आहे, हे डॉक्टरला दिसतच नाही. तोटा आपलाच.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. दुसऱ्याच्या कार्डावर दवाखान्यात येणे. भावाचे योजनेचे कार्ड आहे, आपले नाही, मग भावाच्या नावाने भरती व्हायचे. गरिबीमुळे होते, मी दोष देत नाही. एका दवाखान्यात असा एक माणूस रात्री आला, पोटात रक्तस्राव होत होता. जुन्या नोंदीत त्या नावाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, आणि आत्ता काढलेल्या रक्ताचा गट निघाला ओ. रक्तपेढीने रक्त थांबवले, पुन्हा नमुना मागितला, पुन्हा तपासला. घरचे लोक खरे बोलायला तयार नाहीत. शेवटी म्हाताऱ्या आईने रडत सांगितले, हा धाकटा आहे, कार्ड मोठ्याचे आहे. माणूस वाचला, पण तीन तास गेले. ओ गटाच्या माणसाला बी गटाचे रक्त चढले तर त्याच्या अंगातच त्या पेशी फुटतात, किडनी बंद पडते, जीव जाऊ शकतो. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने रक्तगट शोधून काढले, त्यापूर्वी असे मृत्यू का होतात हे कोणाला कळत नव्हते. रक्तपेढी दर वेळी गट नव्याने बघते आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचे रक्त जुळवून पाहते, म्हणून आपण वाचतो. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे एक दुर्मीळ गट आपल्या मुंबईच्याच नावाने जगात ओळखला जातो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. सांगायचे एवढेच की नळीवर दुसऱ्याचे नाव लागले, तर यंत्र कितीही महाग असो, ते दुसऱ्याचेच उत्तर देते.

नावानंतर येते ते बाकीचे लपवणे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जमवून सांगितले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार. हा प्रसंग आपण विहारात पुष्कळदा ऐकतो. पण त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. भगवंतांनी तेथे कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणे अवघड हेही सांगितले आहे. जो पथ्य पाळत नाही, प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, दुखणे सहन करत नाही, आणि जो आपले दुखणे जसे आहे तसे सेवा करणाऱ्याला सांगत नाही. वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी झाले, असे खरे सांगायला हवे. सेवा करणाऱ्याचेही गुण सांगितले आहेत, त्यात मलमूत्राची किळस नसणे हा एक आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीवर आमच्या प्रयोगशाळेचे काम आजही चालते म्हणा ना!

खरे न सांगण्याचे नमुने ऐका. उपाशी आहात का? हो बाई, एकदम उपाशी. आणि गालात खर्रा! चहा? "फक्त अर्धा कप." अर्ध्या कपात दोन चमचे साखर. दारू घेतली होती का काल, असे विचारले की नवरा बायकोकडे बघतो आणि म्हणतो, छे, आपण पंचशील घेतलं आहे. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड चढलेले येते. पाचवे शील मोडले ते मोडले, आता मला खोटे सांगून चौथेही कशाला मोडता? रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती सांगा, नाहीतर कापूस दोन मिनिटांत काढता आणि हाताला गाठ येते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आजकाल मुली घेतात. त्याने थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. डायलिसिसची शीर ज्या हाताला केली आहे तो हात रक्ताला द्यायचा नाही. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले असेल तर त्या बाजूच्या हाताचे आधी सांगायचे. बायका हे सांगायला लाजतात, पदर सावरून गप्प बसतात. आपल्या बहिणींना माझी विनंती आहे, माझ्या कानाशी येऊन सांगा, पण सांगा. पूर्वी कधी रक्त काढताना चक्कर आली असेल तर तेही सांगा, मी झोपवून काढीन.

आणि तुम्हीही मला विचारा. हे रक्त कशासाठी काढता, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. एचआयव्हीच्या तपासणीला तर २०१७ च्या कायद्याने तुमची संमती लागते आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. वस्तीतला कोणी ओळखीचा दवाखान्यात कामाला आहे म्हणून त्याला "जरा बघून सांग ना, शेजारणीचा काय आला" असे विचारू नका. मला विचारले तर मी सांगत नाही, यावरून दोन घरचे लोक माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलले तरी चालेल.

सुयांचे एक सांगून पुढे जाते. दवाखान्यात वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालायची नसते, ती तिथल्या तिथे कापून जाड डब्यात टाकतात. आमच्या हाताला लागली तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही यांची भीती असते. पण घरात इन्सुलिन घेणारे लोक सुया सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. तो कचरा कोण उचलते? आपल्याच बहिणी. उघड्या हाताने. रिकामी जाड प्लास्टिकची बाटली घ्या, तिच्यात सुया टाका, बूच लावून भरली की दवाखान्यात नेऊन द्या. कचरागाडीत टाकू नका.

आता जे बोलण्यासाठी मी खरी उभी आहे ते बोलते. सिकलसेल.

माझ्याकडे सिकलसेलची पोरे येतात. आठ-दहा वर्षांची. इतक्या वेळा सुया खाल्लेल्या असतात की शिरा कडक होऊन गेलेल्या. बाकीची पोरे मला पाहून रडतात, ही रडत नाहीत. खुर्चीवर बसतात आणि सांगतात, "ताई, या हाताची येत नाही, त्या हाताची घ्या, मनगटाजवळची." मी त्यांचे ऐकते. हात गरम पाण्याने शेकते, पाणी प्यायला लावते, आणि पोराने दाखवलेली शीर धरते. पुष्कळदा तो सांगतो तीच मिळते. अशा पोरांची आई कोपऱ्यात उभी राहते आणि तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, हे माझ्यामुळे झाले का.

या आजारात तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होते, पुन्हा पुन्हा ताप येतो. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. आपल्याकडे अजूनही कोणी त्याला वात म्हणते, कोणी बाहेरचे म्हणते आणि दोरा बांधते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दोरा! भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये दिसला, आणि १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. विदर्भात तो आदिवासींत आहे, आपल्या समाजात आहे, इतर समाजांतही कमीजास्त आहे. ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, आफ्रिकेत तर फारच आहे. "हा आपल्या जातीचा रोग आहे" असे जेव्हा आपलेच लोक मान खाली घालून म्हणतात तेव्हा मला राग येतो. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की ज्याच्याकडे या दोषाचा एकच अंश असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे जिथे मलेरिया माजला होता तिथे हा अंश असलेली माणसे जगली आणि तो अंश पिढ्यान्पिढ्या टिकला. आपले पूर्वज जंगलाकाठी, पाण्याकाठी राबले, त्याची ही खूण आहे. त्यात पाप नाही, मागच्या जन्माचे काही नाही, खानदानाचा बट्टा नाही.

एकच अंश असलेला माणूस वाहक. रिपोर्टमध्ये त्याला एएस लिहितात. तो आजारी नसतो, तो शिकतो, पोलिसात भरती होतो, शंभर वर्षे जगतो. दोन्ही अंश असलेला तो एसएस, म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक वाटा रुग्ण मूल होण्याचा, दोन वाटे वाहक होण्याचे, एक वाटा पूर्ण निर्दोष होण्याचा. दर गरोदरपणात, हे नीट लक्षात घ्या. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे होत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर मूल रुग्ण होत नाही.

हे कळायला काय लागते? तेच दोन चमच्यांहून कमी रक्त. जांभळ्या झाकणाची एक नळी. आधी साधी सोल्युबिलिटी तपासणी, ती पॉझिटिव्ह आली की एएस का एसएस हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. सरकारी रुग्णालयात होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधी तपासणी उपयोगाची नाही. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते सांगितलेच पाहिजे, नाहीतर देणाऱ्याचेच रक्त रिपोर्टात दिसते. सिकलसेलच्या माणसाला तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीही भरवशाची नसते, कारण त्याच्या पेशी लवकर मरतात. तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरलाही सांगा. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तिचा भर आदिवासी भागावर आहे. आपण शहरातले म्हणून कोणी आपल्या दारी येईल याची वाट बघू नये. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी हेही जाणावे की २०१६ च्या कायद्याप्रमाणे सिकलसेल दिव्यांगत्वात धरला आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि इथेच लपवणे सर्वांत जास्त आहे. रिपोर्ट पेटीत तळाशी ठेवतात. मुलीचे लग्न जमायचे आहे, कुठे बोलू नका बाई, असे मला हात जोडून सांगतात. मी बोलत नाहीच. पण बघा काय होते. मुलीचा रिपोर्ट मागतात. एएस आला की सोयरीक मोडते. मुलाचा रिपोर्ट कोणी मागितला का? मुलाची तपासणीच झालेली नसते. मुलगा निर्दोष असता तर त्या लग्नात कोणतेही मूल रुग्ण होणार नव्हते, आणि मुलगा वाहक असेल तर दुसऱ्या घरी जाऊन तोच धोका नेणार. मोडली ती फक्त एका चांगल्या मुलीची सोयरीक. याला मी तपासणी म्हणत नाही. दोघेही वाहक असतील आणि तरी त्यांना एकमेकांशीच लग्न करायचे असेल, तर तोही त्यांचा हक्क आहे. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाची तपासणी करता येते, मोठ्या रुग्णालयात डॉक्टर समजावून सांगतात. फक्त त्यांनी डोळे उघडे ठेवून जावे.

आपल्या विहारात वधू-वर परिचय मेळावा भरतो. त्याच्या अर्जात उंची, रंग, शिक्षण, पगार सगळे विचारतात. रंग विचारणे बंद करा असे माझे मत आहे, पण ते राहू द्या. माझी समितीला विनंती आहे की सिकलसेलची तपासणी झाली आहे का, एवढाच प्रश्न अर्जात घाला, होय किंवा नाही. रिपोर्ट काय आला ते अर्जात नको, छापील पुस्तिकेत तर मुळीच नको, ते पोरापोरींच्या तोंडावर शिक्का मारल्यासारखे होईल. रिपोर्ट दोन्ही घरांनी पसंतीच्या आधी, साखरपुड्याच्या आधी, समोरासमोर बसून एकमेकांना दाखवावा. आणि मुलाच्या बाजूने आधी दाखवावा. तशा दोन ओळी मी लिहून आणल्या आहेत, त्या अध्यक्षांकडे देते. मेळाव्याच्या आधी समितीने रुग्णालयाशी बोलून एक दिवस ठरवला तर नळ्या घेऊन मी स्वतः इथे बसेन, मुले आधी, मुली नंतर.

उद्या सकाळी सहाला माझी ड्युटी आहे, म्हणून थांबते. कोणाला काही विचारायचे असेल, चारचौघांत विचारता येत नसेल, तर सायंकाळच्या वंदनेनंतर मी बाहेर पिंपळाच्या ओट्यावर असते.

जयभीम! नमो बुद्धाय!